बखरींचे रुमाल गंगेत सोडायला सांगणाऱ्यांना उत्तर

बखरी म्हणजे निव्वळ दंतकथा, इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनीच त्या निकालात काढल्या. त्यांत राजे आणि लढायांपलीकडे काही नाही. मराठी माणसाला इतिहास लिहायला इंग्रजांनी शिकवले. आणि कामाच्या बखरी छापून झाल्यामुळे घरातली मोडी बाडे आता गंगेत सोडावीत, असा एक संदेश सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. पंचवटीतल्या माझ्या मावशीने तो वाचून माळ्यावरचे जुने रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, खाली काढले आणि रामकुंडावर कधी जायचे, असे मला विचारले. म्हणून हे लिहिणे भाग पडले.

पहिल्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे. बखरकार पुष्कळदा घटनेनंतर फार उशिरा लिहितो, फौजांचे आकडे फुगवतो आणि कोणीही न ऐकलेली भाषणे पात्रांच्या तोंडी घालतो. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या पहिल्या खंडात अस्सल पत्रांच्या कसोटीवर बखरींच्या चुका दाखवल्या, हेही खरे. परंतु त्याच राजवाड्यांनी १९२४ साली महिकावतीची बखर संपादून प्रसिद्ध केली आणि विस्तृत प्रस्तावनेत तिच्या आधारे उत्तर कोकणातील वसाहतीचा व समाजाचा इतिहास मांडला. हे त्या संदेशात कोठेही नाही.

‘राजे आणि लढाया’ म्हणणाऱ्याने कृष्णाजी अनंत सभासदाने लिहिलेली शिवाजी महाराजांची बखर उघडलेलीच नसावी. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजी येथे १६९४च्या सुमारास लिहिलेल्या या बखरीत जमीन मोजण्याची काठी पाच हात पाच मुठींची, वीस काठ्या लांब आणि तितक्याच रुंद चौरसाचा बिघा, एकशेवीस बिघ्यांचा चावर, पिकाच्या पाच वाट्यांपैकी तीन रयतेचे आणि दोन सरकारचे, असा तपशील आहे. नव्या रयतेला गुरे आणि बियाणे देऊन ती रक्कम पुढे सवडीने वसूल करावी, हेही त्यात आहे.

इंग्रजांनी शिकवल्याच्या दाव्याला एवढेच पुरे, की मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत लिहिणाऱ्या ग्रँट डफचा ग्रंथ १८२६चा आहे, आणि तो लिहिताना त्याने मराठी बखरींचाच आधार घेतला होता.

खरा संताप येतो तो विसर्जनाच्या सल्ल्याचा. छापील बखर ही संपादकाला मिळालेल्या मोजक्या प्रतींवरून ठरवलेला पाठ असते. शिवचरित्र सांगणाऱ्या एक्याण्णव कलमी बखरीच्या निरनिराळ्या प्रतींत पाठभेद आहेत, आणि एखादी न पाहिलेली प्रत हाती आली तर ठरलेला पाठ बदलू शकतो. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळला जात नाही आणि शब्द तोडून लिहिलेले नसतात, त्यामुळे वाचनाबद्दल शंका आली तर मूळ कागदाकडेच जावे लागते. नक्कल कोणी, कोणासाठी केली, कागद कोणत्या काळातला, हे तर छापील पानावरून कळतच नाही. शिवाय रुमालात बखरीच असतील असे कोणी सांगितले? त्यांत महजर (निवाड्याचे कागद), करीने (घराण्याच्या वा वतनाच्या हकिकती), जमाखर्च, शकावल्या (सालवार घटनांच्या नोंदी) असू शकतात. मल्हार रामराव चिटणिसांच्या बखरीने शिवजन्म शके १५४९चा सांगितला होता. फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, ही तिथी पुढे आली ती कारीच्या जेधे देशमुखांच्या घरी जपून राहिलेल्या शकावलीतून. बखरीची चूक दुरुस्त करणारा कागदही असाच कोणाच्या तरी घरात पडून होता. तो नदीत गेला असता, तर संदेश लिहिणाऱ्याने बखरींना खोटे ठरवले असते तरी कशाच्या बळावर?

नाशिकमध्ये १८४०पासूनचे सार्वजनिक वाचनालय आहे आणि त्याच्याकडे हस्तलिखित पोथ्यांचा संग्रह आहे. मावशीचे रुमाल मोडी जाणणाऱ्याला दाखवल्याशिवाय घराबाहेर जाणार नाहीत, आणि ज्यांनी हा संदेश पुढे पाठवला आहे त्यांनी तो मागे घेऊन हे उत्तर त्याच मंडळींना पाठवावे.