दाजींची दाढ

रविवारी सकाळी फॅमिली ग्रुपवर दाजींनी एक फॉरवर्ड टाकला. 'घरचं टेन्शन चपलेसारखं कंपनीच्या गेटबाहेर काढून ठेवतो तोच खरा मर्द', आणि खाली चार उपदेश. दुसऱ्या कुणी टाकला असता तर उघडलाही नसता. पण दाजी कुपवाड एमआयडीसीत सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंगच्या मशीनवर आहेत, तीन महिने मिरजेला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे जातात आणि नैराश्याच्या गोळ्या पित्ताच्या गोळ्यांच्या डबीतून कामावर नेतात. (त्यांना विचारूनच लिहितोय. 'कारखान्याचं नाव घालू नको,' एवढंच म्हणाले.)

चपलेचं आधी. चप्पल निघते हो. रात्र रात्र न झोपलेलं डोकं गेटवर कसं काढून ठेवायचं? ते मशीनपर्यंत येतंच. दाजींनी ऑफसेट, म्हणजे टूलच्या मापाचा आकडा, चुकीचा टाकला, टूल जॉबवर आदळलं. सुपरवायझरनं विचारल्यावर म्हणाले, 'पित्त झालंय.'

'आजोबांच्या काळात डिप्रेशन नव्हतं.' शब्द नव्हता. माणूस गप्प गप्प झाला की 'बाहेरचं' म्हणून नरसोबाच्या वाडीला नेऊन बसवत. पुढं.

खरी तिडीक आली ती याची: 'काम हेच औषध. गोळ्यांचा नाद सोडा, आजच बंद करा.' बीपीची गोळी आजच बंद करा, असं लिहायची छाती आहे का या माणसाची? नैराश्याच्या गोळ्या एकदम सोडल्या तर चक्कर, मळमळ, घालमेल होऊ शकते, आजारही उलटू शकतो. डॉक्टर त्या हळूहळू कमी करत आणतात. ताईनं रविवारी डबी उघडली तर शनिवारची गोळी तशीच! आणि नाद कुणाला लागलाय? बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्याच्या 100 पैकी सुमारे 85 रुग्णांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. सर्वेक्षण 12 राज्यांत झालं आणि त्यात महाराष्ट्र नव्हता, हे मीच सांगून टाकतो. पण कृष्णेच्या पाण्यात काही वेगळं असेल असं वाटत नाही.

'डॉक्टरकडं नोंद झाली की कंपनीला कळतंच.' साफ खोटं. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 23 नं रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलाय. अपवाद मोजके, आणि त्यात मालक बसत नाही. तेही नको असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 फुकट आहे.

उरलं 'बोललात की लोक फायदा घेतात.' जिवावर येतंय, पण हे निम्मं खरं आहे. दाजींच्याच लाइनवर कॉन्ट्रॅक्टवरच्या एका पोरानं सुपरवायझरला खरं काय ते सांगितलं. पुढच्या आठवड्यात त्याला मशीनवरून काढून पॅकिंगला टाकलं, ओटी (ओव्हरटाइम) बंद झाली, आणि बाकीची पोरं 'ए येरवडा' म्हणून हाक मारायला लागली. दाजींनी हे सगळं शेजारच्या मशीनवरून बघितलं. ते गप्प का, हे मग मला विचारावं लागलं नाही. घराचा हप्ता ओटीवर चाललाय. फॉरवर्डवाला या हिशेबाला मर्दानगी म्हणतो.

येत्या गुरुवारी पुन्हा मिरज आहे. रजेच्या अर्जात दाजी याही वेळी 'दाढदुखी'च लिहिणार, आणि मी त्यांना अडवणार नाही. एकच दाढ तीन महिने दुखतेय, तरी सुपरवायझरला शंका आलेली नाही. गोळी मात्र आता ताई रोज रात्री समोर बसून घ्यायला लावते.