‘एकदा बसवा आणि विसरून जा’: ट्यूबलेस टायरविषयीच्या एका संदेशाचा प्रतिवाद

नागपुरातल्या सायकलस्वारांच्या मोबाइलवर फिरणाऱ्या एका संदेशाचा आशय थोडक्यात असा आहे: माउंटन बाइकला ट्यूबलेस टायर बसवा, पंक्चरचा प्रश्न कायमचा मिटेल, सर्वांत जास्त टीपीआयचा (म्हणजे कापडात दर इंचाला सर्वांत जास्त धागे असलेला) टायर निवडा, कारण तोच सर्वांत मजबूत, टायरच्या पृष्ठभागावरची रबरी बटने जितकी खोल तितकी पकड चांगली, हवा टम्म भरा, म्हणजे काटा आत शिरणार नाही, आणि सीलंट (टायरमध्ये ओतायचे, छिद्रे बुजवणारे द्रव) एकदा घातले की टायर झिजेपर्यंत त्याकडे पाहायला नको. ट्यूबलेसकडे वळण्याचा यातला सल्ला योग्यच आहे, परंतु त्यासाठी दिलेली जवळजवळ प्रत्येक माहिती चुकीची असल्यामुळे तिच्या भरवशावर महागडा टायर घेणाऱ्याची निराशा होण्याचीच शक्यता अधिक आहे.

पंक्चर मिटण्याची कल्पना बहुधा मोटारीच्या टायरवरून आली असावी. मोटारीच्या ट्यूबलेस टायरला आतून हवा धरून ठेवणारा रबराचा स्वतंत्र थर असतो. सायकलींसाठी मॅविक, हचिन्सन आणि मिशेलिन या कंपन्यांनी १९९९ मध्ये आणलेल्या यूएसटी या ट्यूबलेस पद्धतीतही टायर असाच हवाबंद होता, पण त्यामुळे वजन वाढत असे. आज ‘ट्यूबलेस रेडी’ म्हणून मिळणारे बहुतेक टायर वजन वाचवण्यासाठी तो थर वगळतात आणि हवा रोखण्याचे काम सीलंटवर सोपवतात. सराट्याच्या किंवा बाभळीच्या काट्याने पडलेले बारीक छिद्र सीलंट सहज बुजवते. बाहेर धावणाऱ्या हवेबरोबर ते छिद्रात ओढले जाते आणि त्यातले लेटेक्स, म्हणजे रबराचा चीक, तिथे साकळते. सराट्याचे फळ सुकल्यावर त्याच्या काटेरी फोडी सुट्या होतात आणि कशाही पडल्या तरी एखादा काटा वर राहतोच, त्यामुळे आपल्याकडच्या माळरानांवर ट्यूबलेसचा हा फायदा फार मोठा आहे, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र सीलंटची धाव काही मिलिमीटरच्या छिद्रापुरती असते. त्याहून मोठ्या छिद्रात चिकट रबरी पट्टीचा प्लग खुपसावा लागतो आणि टायरची बाजू चिरली गेली तर तोही पुष्कळदा टिकत नाही, कारण ती बाजू प्रत्येक फेऱ्यात वाकत असते.

नागपूरकरांना टायर निवडताना खरे लक्ष द्यावे लागते ते या बाजूंकडेच. आपले शहर दख्खनच्या बेसॉल्टच्या पूर्व कडेवर वसले आहे. गोरेवाड्याच्या बाजूला किंवा काटोल रस्त्याच्या आसपास मुरमातून डोके काढणारे काळे दगड फुटले की त्यांच्या कडा धारदार होतात, आणि त्या बटनांना फारशी इजा न करता बाजू कापतात. ईशान्येकडे, रामटेक-मनसरच्या दिशेने, खडकाची जात बदलते, तरी बाजू सांभाळण्याची गरज तिथेही संपत नाही.

येथे संदेशातला टीपीआयचा दावा विशेष दिशाभूल करतो. टीपीआय म्हणजे टायरच्या कापडात एका इंचात किती धागे आहेत याची मोजणी. संख्या वाढते तसे धागे बारीक होतात, कापड लवचीक होते आणि टायर जमिनीला अधिक जुळवून घेतो. मजबुती त्यावरून कळत नाही. मॅक्सिस या टायर कंपनीच्या डबलडाउन प्रकारात १२० टीपीआयचे दोन थर असतात, तर त्याच कंपनीच्या डाउनहिल (डोंगरउताराच्या) शर्यतींसाठीच्या, त्याहून दणकट कवचात (टायरच्या कापडी सांगाड्यात) ६० टीपीआयचे दोन थर असतात. म्हणून दुकानात विचारायचे ते असे: थर किती, बाजूंना जादा संरक्षक पट्टी आहे का, आणि टायरचे वजन किती? एकाच मापाच्या दोन टायरांत दीडदोनशे ग्रॅमचा फरक असेल, तर तो बहुतेक वेळा कवचातच गेलेला असतो. मागच्या चाकासाठी हे जादा वजन मी तरी खळखळ न करता स्वीकारेन.

खोल बटनांचा दावा ओल्या, मऊ मातीपुरता खरा आहे. उघड्या खडकावर उंच बटने भाराने वाकतात आणि वळणावर टायर तरंगल्यासारखा वाटतो; कडक जमिनीवर सुटा मुरूम असेल तिथे मध्यम उंचीची, जवळ बसवलेली मधली बटने आणि भक्कम कडेची बटने जास्त उपयोगी ठरतात. पावसाळ्यात आपली काळी माती चाकाला लाडवासारखी लिंपली जाते, तेव्हा खोलीपेक्षा दोन बटनांमधले अंतर महत्त्वाचे असते, कारण माती झटकली जाते ती मोकळ्या जागेमुळे. (अस्सल काळ्या रानात आषाढात सायकल घालणाऱ्याला मात्र कोणताही टायर वाचवू शकत नाही.)

शिवाय पकड नक्षीइतकीच रबराच्या मऊपणावर ठरते, आणि मऊ रबर लवकर झिजते. पूर्ण टिकाऊपणा आणि पूर्ण पकड एकाच टायरमध्ये मागणे व्यर्थ आहे. यावरचा जुना तोडगा म्हणजे पुढे मऊ आणि मागे कडक रबर. पुढचे चाक घसरले तर स्वार पडतोच, मागचे घसरले तर बहुधा सावरतो. उलट अंगाचा जास्त भार आणि पेडलचा जोर मागच्या टायरवर येतो, त्यामुळे झीज तिथे अधिक होते. शहरातून मैलोगणती डांबर तुडवून मग मातीवर उतरणाऱ्या आपल्यासारख्यांनी मॅक्सिसच्या मॅक्सग्रिपसारखे अतिमऊ रबर मागे लावणे म्हणजे ते डांबरावरच संपवणे होय.

टम्म हवेचा सल्ला सर्वांत हानिकारक आहे, कारण तो ट्यूबलेसचा मुख्य लाभच काढून घेतो. काट्याचे टोक इतके बारीक असते की हवा वाढवल्याने ते थांबत नाही. ट्यूब असलेल्या चाकात हवा जास्त ठेवावी लागते, कारण दगड आणि रिम यांच्यात ट्यूब चिमटली जाऊन फाटते. ट्यूबच नसेल तर ती भीती उरत नाही आणि दाब उतरवता येतो. सुमारे ७० किलोच्या स्वाराने २.३ इंची टायरला पुढे २२ आणि मागे २५ पीएसआयपासून (हवेचा दाब मोजण्याचे एकक) सुरुवात करावी, रिमवर दगडाचा ठोका जाणवला किंवा वळणावर कडेतून हवा फुसकन सुटली तर एकेक पीएसआय वाढवावा. टायरच्या बाजूवर छापलेला कमाल आकडा ही केवळ मर्यादा आहे. उन्हाळ्यात आणखी एक हिशेब ठेवावा: पहाटे २५ अंशांना २५ पीएसआय भरलेला टायर ४५ अंशांपर्यंत तापला की साधारण साडेसत्तावीसवर जातो, म्हणजे पकडीत जाणवण्याइतका फरक पडतो.

सीलंटचा दावा तर नागपूरच्या मे महिन्यात कोणीही तपासून पाहू शकतो. त्यातले पाणी हळूहळू उडून जाते. साधारणपणे दोन ते सहा महिन्यांची मुदत सांगितली जाते, आणि कोरड्या उन्हाळ्यात ती आखडते. चाक कानाशी धरून हलवावे, आत द्रव खळखळत नसेल तर व्हॉल्व्हचा गाभा काढून नवे घालावे. २९ इंची रुंद टायरला प्रत्येकी शंभर मिलिलिटरच्या आसपास सीलंट लागते.

इतके करूनही एक सुटी ट्यूब सोबत असावीच. ती बसवण्यापूर्वी टायरच्या आतून बोटे जपून फिरवावीत, कारण सीलंटने महिनोन्महिने निमूटपणे बुजवलेले सराट्याचे काटे कवचात तसेच अडकलेले असतात आणि नव्या ट्यूबमध्ये हवा भरताच ते तिला टोचतात.