‘मणक्यात गॅप आहे, महिनाभर झोपून राहा’: फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

तासगाव-पलूस पट्ट्यातल्या व्हॉट्सॲप गटांवर कंबरदुखीचा एक मेसेज जोरात फिरतोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: कंबर दुखते म्हणजे मणक्यात गॅप पडलाय, लगेच एमआरआय काढा, महिनाभर सक्त झोपून राहा, फारच दुखलं तर मेडिकलमधून गोळी नाहीतर चूर्ण घ्या, पण डॉक्टरकडे जाऊ नका, गेलात की ऑपरेशन ठरलेलंच. मी सांगलीत फिजिओथेरपिस्ट आहे. द्राक्षबागेत जाणाऱ्या बाया, ऊसतोडणीवाले, मार्केट यार्डातले हमाल, शिलाई मशीनवर बसणारे रोज माझ्यासमोर असतात. या मेसेजने काहींचं साधं दुखणं लांबतं आणि काहींचं गंभीर दुखणं झाकलं जातं. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘कंबर दुखते म्हणजे मणक्यात गॅप.’

बहुतेकांच्या कंबरदुखीत बोट ठेवावं असं एकच कारण सापडत नाही. स्नायू, सांधे, दोन मणक्यांमधली चकती (डिस्क), अपुरी झोप, मनावरचा ताण, कामाचा रेटा, सगळ्याचा त्यात वाटा असतो. ज्याला ‘गॅप’ म्हणतात ती चकतीची झीज रिपोर्टात दिसते हे खरं आहे, पण ती न दुखणाऱ्यांच्या मणक्यातही दिसते. कंबर अजिबात दुखत नसलेल्या लोकांच्या तपासण्यांचे अनेक अभ्यास 2015 साली एकत्र करून पाहिले गेले. विशीतल्या 37 टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या होत्या, पन्नाशीतल्या 80 टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या 96 टक्के लोकांच्या. पन्नाशीच्या बाईच्या रिपोर्टवर बोट ठेवून ‘हेच तुमचं दुखणं’ म्हणणं म्हणूनच पुष्कळदा चुकीचं ठरतं.

आणि ते एक वाक्य माणसाला किती बांधून टाकतं, ते मी जवळून बघते. खाली पडलेली पिशवी उचला म्हटलं की बाई आधी श्वास रोखते, कंबर फळीसारखी ताठ धरते, एक हात गुडघ्यावर टेकते आणि तिरकी होत खाली जाते. दुखायच्या आधीच भीतीने स्नायू आवळलेले असतात. ते दिवसभर तसेच राहिले तर दुखणं थांबणार कसं?

‘लगेच एमआरआय काढा.’

पुढे सांगते त्या खुणा नसतील तर सुरुवातीच्या आठवड्यांत त्याची गरज नसते. उपचारात त्याने फरक पडत नाही, खिसा मात्र रिकामा होतो.

‘महिनाभर सक्त झोपून राहा.’

हा सल्ला सगळ्यात जुना आणि सगळ्यात हट्टी. उसण भरली की एखाददोन दिवस आडवं पडावंसं वाटतं, पडावं. त्यापुढे अंथरुणाला खिळून राहिलात तर स्नायूंची ताकद जाते, सांधे आखडतात आणि उठणं आणखी अवघड होतं. घरातल्या घरात फिरा, मग अंगणात, मग रस्त्यावर. जमेल तेवढं रोजचं काम चालू ठेवा. थोडं दुखलं म्हणजे आत काही मोडतंय असं नाही. बहुतेक साधी कंबरदुखी चार-सहा आठवड्यांत बरीच निवळते.

काम चालू ठेवा म्हणजे कसंही करा, असं मात्र नाही. मांडव ठेंगणा असला की मजूर बाई दिवसभर अर्धवट वाकून, मान वर करून घडांची विरळणी करते. तिला अर्ध्या-पाऊण तासाने पाठ सरळ करायला दोन मिनिटं मिळाली पाहिजेत. काम उक्तं असल्यामुळे ती स्वतःहून थांबत नाही, तेव्हा हे बागायतदारानेच बघायला हवं. ऊसतोडीत मोळी लहान बांधली तर खेपा वाढतात, हे मला कळतं. तरी ज्याची कंबर धरली आहे त्याच्या डोक्यावर काही दिवस तरी हलकी मोळी द्या.

‘मेडिकलमधून गोळी किंवा चूर्ण घ्या.’

दुखणं मारणारी गोळी दोन-चार दिवस, डॉक्टरांना विचारून, जेवणानंतर घेणं वेगळं. महिनोन्महिने रोज घेतलीत तर जठराला जखमा होतात, किडनीवर ताण येतो. बीपी-शुगर असेल आणि उन्हात घाम गाळून काम असेल तर जास्तच. चूर्णाबद्दल अधिक सावध राहा. आठवडी बाजारात पुडीत मिळणाऱ्या, एका दिवसात गुण देणाऱ्या अशा काही औषधांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे. त्याने चेहरा सुजतो, शुगर चढते आणि ज्या हाडांसाठी ते घेतलं तीच ठिसूळ होतात.

‘डॉक्टरकडे जाऊ नका.’

या एका वाक्यासाठी मी हे लिहायला बसले. किती दुखतंय यावरून धोका कळत नाही. साधी उसण माणसाला रडवते आणि मणक्याचा टीबी महिनोन्महिने नुसता ठणकत राहतो. दुखण्यासोबत काय येतंय ते बघा.

संध्याकाळी कसकस, वजन उतरणं, भूक जाणं, रात्री न थांबणारा ठणका असेल तर टीबीची तपासणी हवीच. खोकला नाही म्हणून टीबी नाही असं होत नाही. उशीर झाला तर पाय लुळे पडू शकतात; वेळेत सापडला तर औषधांनी बरा होतो, साधारण वर्षभर घ्यावी लागतात. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळतात आणि पोषणासाठी महिन्याला 1000 रुपयेही. इथे एमआरआय खरंच लागतो. गोठ्यात राबणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवा: निरसं दूध पिणं, गाभडलेल्या जनावराचा वार उघड्या हाताने काढणं यातून ब्रुसेलोसिस होतो. त्यातही चढउतार होणारा ताप, घाम आणि कंबरदुखी असते. डॉक्टरांना गोठ्याचं आवर्जून सांगा.

तिशीच्या आतबाहेरचा मुलगा पहाटे दुखण्याने जागा होत असेल, सकाळी अर्धा तास ताठरलेला असेल आणि हिंडल्या-फिरल्यावर मोकळा होत असेल, तर तो संधिवाताचा प्रकार असू शकतो. पाळी गेलेल्या बाईला घमेलं उचलताना पाठीत कटकन आवाज आला, पूर्वी कर्करोग होऊन गेला असेल, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच विचित्र दुखायला लागलं, किंवा सहा आठवडे उलटूनही उतार नाही, तरी दाखवून घ्या.

आणि ही खूण दिसली तर सकाळ होण्याची वाट बघू नका: लघवी अडकणं किंवा न कळता होणं, शौचावरचा ताबा सुटणं, सायकलच्या सीटवर टेकतो तेवढा भाग बधिर होणं, पायातलं बळ जाणं. मी हे विचारते तेव्हा बाया मान खाली घालतात, ‘वयोमानाने होतंय’ म्हणतात. बायांनो, लाजू नका. मणक्यातल्या नसा दबल्याची ही खूण आहे आणि काही तासांचा उशीरही कायमचा महागात पडू शकतो.

‘गेलात की ऑपरेशन.’

ऑपरेशन थोड्यांनाच लागतं. चकती सरकून पायात कळ जाते त्यातलेही बहुतेक रुग्ण विनाऑपरेशन बरे होतात. कुणी घाई करत असेल तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या, तो तुमचा हक्क आहे. कर्नाटकातून माणसं रेल्वेने मिरजेला उपचाराला येतात. सांगलीचं सिव्हिल आणि मिरजेचं सरकारी रुग्णालय आपल्या हाताशी आहे. जाताना दुखणं कधी सुरू झालं, रात्री किती वाढतं, ताप, वजन, लघवी, घेतलेल्या गोळ्या आणि पुड्या, हे सगळं कागदावर लिहून न्या.