टीडीएस ५०, म्हणून पाणी निर्धोक?

मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरणारा संदेश असा: पाण्यातली ‘फॉरएव्हर केमिकल्स’, म्हणजे पीएफएएस ही सहजी न विघटणारी कार्बन-फ्लोरिनची मानवनिर्मित रसायने, टीडीएस (विरघळलेले क्षार) मीटरवर कळतात; पाणी वीस मिनिटे उकळले की जातात; आणि सरकारने मर्यादा जाहीर केली की विषय संपला.

आधी मीटर. तो विद्युतवाहकतेवरून क्षारांचा अंदाज देतो आणि त्याचा आकडा लिटरमागे १ मिलिग्रॅमने हलतो. अमेरिकेने २०२४ मध्ये पीएफओए आणि पीएफओएस या दोन पीएफएएसना लिटरमागे प्रत्येकी ४ नॅनोग्रॅमची मर्यादा घातली. मीटरची एक पायरी त्याच्या अडीच लाख पट आहे.

उकळल्याने जंतू मरतात, पण कार्बन-फ्लोरिनचा बंध शंभर अंशांना दाद देत नाही. पाणी उडते, रसायन पातेल्यात उरते. दोन लिटरचे दीड लिटर केले तर लिटरमागे ३ नॅनोग्रॅमचे ४ होतात, म्हणजे उपाय उलटाच. गाळ बसवणे, वाळूतून गाळणे आणि क्लोरीननेही ती निघत नाहीत. आरओ बऱ्यापैकी अडवते, पण अडवलेले सगळे वेस्टच्या पाण्याबरोबर मोरीत जाते.

आता मर्यादा. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या २०१२ च्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, पीएफएएसचा आकडा नाही, ही तक्रार रास्तच. पण अमेरिकेचा आकडा ४ च का? आरोग्याचे उद्दिष्ट तिथे शून्य आहे. प्रयोगशाळा खात्रीने मोजू शकतात ती पातळी ४, म्हणून कायद्यात ४. मोजणीच जमत नसेल तर मर्यादा कागदावर राहते, आणि मोजणी नमुना घेतानाच बिघडू शकते. नळाच्या जोडावरची टेफ्लॉन टेप, बाटलीच्या झाकणातले टेफ्लॉनचे अस्तर, नमुना घेणाऱ्याचे वॉटरप्रूफ जॅकेट, यातून पीएफएएस नमुन्यात उतरू शकते. म्हणून पॉलिप्रॉपिलीनची बाटली, आणि जोडीला फील्ड ब्लँक: लॅबमधून नेलेले शुद्ध पाणी जागेवरच दुसऱ्या बाटलीत ओतायचे. त्यातच पीएफएएस निघाले तर नमुना पुन्हा घ्या.

शिवाय मर्यादा नेमकी कोणत्या रसायनाला? पीएफओएवर बंधने आली तसे त्याच्या जागी जेनएक्स हे दुसरे पीएफएएस वापरात आले. युरोपने एकेका रसायनाऐवजी २० पीएफएएसच्या बेरजेला लिटरमागे १०० नॅनोग्रॅमची मर्यादा लावली. आणि मुंबईला पाणी देणाऱ्या भातसा-तानसा धरणांच्या पाण्याचा अहवाल विहिरीवर भरलेल्या टँकरला लागू होत नाही; सोसायटीच्या टाकीत दोन्ही पाणी एक झाले की नोटीस कुणाला काढायची?

खासगी लॅबकडे जाणार असाल तर आधी विचारा: कमीत कमी किती नॅनोग्रॅम खात्रीने मोजता? उत्तर ५० आले, तर अहवालातल्या ‘आढळले नाही’चा अर्थ ‘५० पेक्षा कमी’ एवढाच.