अन्याय असता तर ते बोलले नसते का?

नागपुरात 'सुप्रभात'च्या फुलांसोबत एक मेसेज या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतो आहे. सार असं: कष्ट करणारा गरीब राहत नाही, अन्याय असता तर ज्यांच्यावर होतो तेच आधी बोलले असते, आणि शिकलेला माणूस खोट्या प्रचाराला भुलत नाही.

मधला मुद्दा आधी घेतो, कारण तो बिनतोड वाटतो. जॉन जॉस्ट आणि महजरीन बनाजी या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये मांडलं की माणसं स्वतःची आणि आपल्या गटाची बाजू घेतात तशीच आहे त्या व्यवस्थेचीही घेतात, कधी स्वतःचं नुकसान सोसून. जे बदलणारच नाही असं वाटतं, ते योग्यच आहे असं मानलं की जगणं जरा सोपं जातं. (सर्वांत वंचित माणूसच व्यवस्थेचा सर्वांत मोठा समर्थक असतो, हा या सिद्धांताचा टोकाचा दावा मात्र पुढच्या मोठ्या पाहण्यांत टिकला नाही.) बाबासाहेबांनी १९३६ मध्येच दाखवलं होतं की जाती एकीवर एक रचलेल्या आहेत, सगळंच मोडलं तर कोणाचं जास्त जाईल, कोणाचं कमी, म्हणून एकजूट होत नाही. तेव्हा गप्प बसण्याला कारणं असतात.

आणि राजेहो, 'ते बोलले का नाहीत' हे नागपुरात बसून विचारायचं? १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर लाखो लोक आले होते, ते काय गप्प बसायला?

शिक्षणाचं म्हणाल तर अमेरिकेत डॅन काहान यांच्या गटाने लोकांना आकड्यांचं एक कोष्टक दिलं. ते त्वचेच्या मलमाचं आहे असं सांगितलं तेव्हा गणितात पक्के लोक बरोबर उत्तराकडे गेले. तेच आकडे बंदूकबंदीचे म्हणून दिले, तर उत्तरं पक्षानुसार फुटली. गणितात पक्के असलेल्यांत ही फूट उलट जास्त होती. पदवीधरांच्या ग्रुपवर हा मेसेज इतका का चालतो, ते यावरून कळावं.

राहिला कष्टांचा मुद्दा. कळमना मार्केटात पोती वाहणारा हमाल कष्टाला कमी पडला म्हणून गरीब आहे का? पण 'ज्याचं त्याला मिळतं' असं मानलं की आपली झोप शाबूत राहते. मेल्व्हिन लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थिनींना एका बाईला विजेचे झटके बसताना दाखवले (झटके खोटे होते, त्यांना ते ठाऊक नव्हतं). त्रास चालूच राहणार असं वाटलं, तेव्हा त्यांनी त्या बाईलाच नावं ठेवली. त्रास थांबून तिला मोबदला मिळेल असं वाटलं, तिथे नावं ठेवणं कमी झालं.