गोलरक्षकाने काय घोडे मारले आहे?

वर्षातल्या सर्वोत्कृष्ट फुटबॉलपटूला दिल्या जाणाऱ्या 'बॅलन डी'ओर' पुरस्काराचा निकाल लागला की दरवर्षी माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. हा पुरस्कार १९५६ पासून दिला जातो आणि पुरुषांमध्ये तो मिळवणारा गोलरक्षक आजवर एकच, १९६३ चा लेव्ह याशिन. २००६ मध्ये इटलीने विश्वचषक जिंकला, तेव्हा संपूर्ण स्पर्धेत त्यांचा गोलरक्षक बुफॉन याच्यावर दोनच गोल झाले, त्यातला एक स्वयंगोल आणि दुसरा पेनल्टीवरचा, तरीही मतदानात तो दुसराच राहिला. (पहिला आलेला कानावारो निदान बचावपटू होता, त्याच्यानंतर एकाही बचावपटूला हा मान मिळालेला नाही.) आता गोलरक्षकांसाठी याशिनच्या नावाने वेगळा चषक आहे, म्हणजे त्यांची पंगतच निराळी मांडली आहे. मत देणाऱ्या पत्रकारांना कामगिरी किती निर्णायक होती हे पाहण्यास सांगितलेले असते. मग अडवलेला गोल निर्णायक का ठरत नाही? पुण्यात आमच्या मैदानावर सरावाला येणाऱ्या प्रत्येक मुलाला दहा नंबरची, म्हणजे गोल करणाऱ्या स्टारची, जर्सी हवी असते आणि ग्लोव्हज मात्र कुणालाच नको असतात, यात त्या मुलांचा काय दोष?