वुल्फस्टनवरच्या लेखाखालच्या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

अकराव्या शतकातला इंग्लंडमधल्या वुस्टरचा बिशप वुल्फस्टन याच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. काठीची दंतकथा मी इतिहास म्हणून दिली, त्याच्या स्वतःच्या जमिनींवर गुलाम होते ते मी सांगितलं नाही, आणि हा माणूस १०६६ मध्ये इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन राजा विल्यमपुढे झुकला. इथवर ठीक होतं. पण शेवटी तुम्ही लिहिलंत, "लेखक वसईचा कॅथलिक, म्हणजे बिशप दिसला की आरती ओवाळणारच." दोन दिवस हे वाक्य डोक्यातून जात नाहीये, म्हणून हे सविस्तर उत्तर.

काठीचं आधी सांगतो. तिथं तुमचं बरोबर आहे. कँटरबरीचा आर्चबिशप लॅनफ्रँक त्याला पदावरून काढायला निघाला, तेव्हा वुल्फस्टननं आपला धर्मदंड एडवर्ड राजाच्या थडग्यात रोवला आणि तो दुसऱ्या कुणाला उपटता येईना, ही गोष्ट त्याच्या मृत्यूनंतर काही दशकांनी लिहिली गेली. 'आख्यायिका' हा शब्द तिथं हवा होता. आज सकाळी घातला.

आता आरती. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सांगावं लागतंय. बाविसाव्या वर्षी मी आमच्या धर्मग्रामाच्या हिशेबाबद्दल एक पत्र लिहिलं होतं. खाली सही माझी एकट्याची. त्यानंतर दोन वर्षं गावातली निम्मी घरं आमच्याशी बोलत नव्हती. माझ्या बहिणीच्या साखरपुड्याला मांडवातल्या मागच्या चार रांगा रिकाम्या राहिल्या. आईनं त्या खुर्च्या कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी स्वतः उचलून बाजूला लावल्या, पाहुण्यांना दिसू नये म्हणून. वडील तरीही दर रविवारी पहिल्या मिस्सेला जात राहिले आणि मलाही घेऊन गेले. श्रद्धा ठेवून प्रश्न कसा विचारायचा, हे मी त्या दोन वर्षांत शिकलो. त्यामुळे माझ्या जन्माच्या दाखल्यावरून माझं लिखाण तोलणाऱ्यानं निदान लेख तरी पुरता वाचायला हवा होता.

कारण आरती ओवाळायची असती, तर मी चाकूचा प्रसंग लिहिला नसता. पुरुषांनी लांब केस ठेवणं वुल्फस्टनला सहन होत नसे. आशीर्वादाला कुणी मान वाकवली, की नखं कोरायचा छोटा चाकू काढून तो त्याची एक बट कापायचा आणि बाकीचे केस तसेच कापून घे म्हणायचा. हे माझ्या लेखात आहे. लग्न झालेल्या धर्मगुरूंना त्यानं बायको किंवा चर्च यातलं एकच निवडायला लावलं, तेही आहे. त्या बायकांचं पुढं काय झालं असेल, हा प्रश्न मीच विचारला होता, तुम्ही नाही. कुटान्सचा बिशप जेफ्री त्याच्या कोकराच्या कातड्याच्या झग्याला हसला आणि निदान मांजराचं तरी कातडं घाला म्हणाला, तेव्हा यानं उत्तर दिलं की 'देवाचं मांजर' असं गाताना मी कधी कुणाला ऐकलं नाही, 'देवाचं कोकरू' ऐकलंय. मिस्सेत ती प्रार्थना म्हणत वाढलेल्या माणसाला ही गोष्ट आवडली, तर त्यात अंधभक्ती कुठं आली?

आणि मुळात मी लेख लिहिला तो ब्रिस्टलसाठी. नोकरीच्या निमित्तानं मी तिथं चार वर्षं राहिलो. बंदराच्या काठानं रोज चालत जायचो. त्याच पाण्यावरून अकराव्या शतकात इंग्लंडभरची माणसं आयर्लंडला विकायला नेत. तरुण मुलगे आणि मुली दोरखंडाला ओळीनं बांधून उभे केलेले असत. मुलींना आधी गरोदर करत आणि मग विकत, असं बाराव्या शतकातला इतिहासकार, माम्सबरीचा विल्यम, यानं नोंदवलंय. साठी ओलांडलेला वुल्फस्टन वुस्टरहून शंभरेक किलोमीटरवरच्या या गावी जायचा, दोन-दोन, तीन-तीन महिने राहायचा आणि दर रविवारी याच विषयावर प्रवचन द्यायचा. तेही लोकांना कळेल अशा इंग्रजीत. विक्रीतून विल्यम राजालाही उत्पन्न होतं, म्हणून राजा हात आखडत होता. त्याला वळवलं ते लॅनफ्रँक आणि वुल्फस्टन या दोघांनी. शेवटी ब्रिस्टलकरांनीच हा व्यापार सोडला आणि जो ऐकेना त्याला डोळे काढून गावाबाहेर हाकललं. ही क्रूर शिक्षाही मी गाळलेली नाही.

अशा माणसाला तुम्ही 'झुकलेला' म्हणता. १०६६ मध्ये तो शरण गेला, हो. १०७५ आणि १०८८ च्या बंडांत राजाच्या बाजूनं उभा राहिला, तेही हो. यावर मला आणखी काही म्हणायचं नाही.

जमिनीवरचे गुलाम: डूम्सडे या इंग्लंडच्या जमिनींच्या सर्वेक्षणात १०८६ ची नोंद आहे, वुस्टरच्या चर्चच्या गावांतही ते दिसतात. त्या नोंदीत देशातली सुमारे दहा टक्के माणसं गुलाम आहेत. त्या काळातला कुठला मोठा जमीनदार याला अपवाद होता, ते सांगा, मग बोलू.

वुस्टरच्या कॅथीड्रलखालचं तळघर वुल्फस्टननं बांधलेलं आहे, १०८४ मध्ये सुरू केलेलं. मिठीत मावतील असे बारीक खांब, वर कमानी. नवं चर्च उभं राहिल्यावर वुस्टरचा आधीचा बिशप संत ऑस्वल्ड यानं बांधलेलं जुनं पाडायला घेतलं, तेव्हा सगळे आनंदात असताना हा एकटा रडत उभा होता. संतांनी बांधलेलं आपण आपल्या नावासाठी पाडतोय, असं म्हणाला. त्या खांबाला हात लावून मी उभा होतो, तेव्हा मला वडील आठवले, रिकाम्या खुर्च्यांसमोर बसलेले. तुम्हाला याला भाबडेपणा म्हणायचं असेल तर म्हणा. आरती म्हणू नका. हा शब्द लिहिताना तुम्ही माझ्या घरच्यांनाही त्यात ओढलंत, आणि त्याचं तुम्हाला वाईट वाटायला हवं होतं.

प्रतिक्रिया मी उडवलेली नाही, उडवणारही नाही. शेवटचं वाक्य तुम्हीच काढणार असाल, तर खाली तसं लिहा.